खुर्चीला होडीचा गोंद

खुर्ची शेवटपर्यंत सुटली नाही. उकळत्या पाण्याने नाही, वाफेने नाही, लेकीने आणलेल्या रसायनांनी नाही, आणि मिस्त्रींनी तिच्यासमोर उकिडवं बसून केलेल्या विनवण्यांनी तर नाहीच. गोष्ट इथेच संपली.

पण असं काही झालेलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. खुर्ची अजून बनायची आहे. तिचे चारही पाय भिंतीला टेकून उभे आहेत आणि काकू सरसाच्या भांड्याखालची आच मंद करताहेत.

मिस्त्री आणि काकूंचा कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. तिथे कायमचा मुक्काम भुशाचा, माणसं आपली येऊन-जाऊन. कामाची वाटणी पक्की होती. कापणं, रंधा मारणं, पटाशीने भोक पाडणं, भोकात बसणारं कुसू कोरणं हे मिस्त्रींचं. चिकटवणं काकूंचं. कुसू म्हणजे लाकडाच्या टोकाला ठेवलेली चपटी जीभ. ती समोरच्या लाकडाच्या भोकात शिरली की झाला सांधा. मिस्त्रींचं कुसू भोकात असं बसायचं की गोंदाची गरजच काय, असं त्यांना स्वतःला वाटायचं. काकूंना तसं वाटत नसे. गल्लीतले लोक त्यांना काकू म्हणत, म्हणून मिस्त्रीही चारचौघांत काकूच म्हणत. घरात ‘अगं’.

गोंदाबद्दल काकूंची मतं ठाम होती. गिऱ्हाईक विचारायचं, सगळ्यात घट्ट कुठला? काकू म्हणायच्या, आधी मला सांगा, ही वस्तू पुढे कुणाला उघडावी लागणार आहे का? नसेल तर पांढरा गोंद आहे, दाराच्या चौकटीला लावा आणि झोपा. बाक अंगणात पावसात पडून राहणार असेल तर पाण्याला न भिणारा घ्या. भाजी चिरायचा पाट असेल तर पोटात गेला तरी तक्रार करणार नाही असा घ्या. आणि खुर्चीला सरस. खुर्चीला कायम सरस.

सरस म्हणजे कातडी-हाडं उकळून केलेले तपकिरी खडे. ते भिजत घालायचे, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर पातळ करायचे. वास असा की पाहुणे चहा न घेता उठत. काकूंच्या मते हा त्याचा दुसरा उपयोग.

“खुर्चीवर माणूस नुसता बसतो का?” काकू म्हणायच्या. “रेलतो, झुलतो, दोन पायांवर उभी करतो. ती कधी ना कधी ढिली होणारच. तेव्हा गरम पाणी सोडलं की सरस ऐकतो. सोडतो. परत लावला की परत धरतो. तुमच्यापेक्षा समजूतदार आहे.”

“मी काय धरून बसलोय?”

“आता काय यादी काढू?”

प्रत्येक वस्तूचा शेवटचा सांधा मात्र सरसाचाच असे, आणि तो चिकटवायची वेळ आली की काकू ब्रश खाली ठेवायच्या, कानामागची पेन्सिल काढायच्या आणि म्हणायच्या, “अहो, तोंड भिंतीकडे.”

“का पण?”

“सांधा लाजतो.”

मिस्त्री भिंतीकडे तोंड करायचे. मागे कुसवावर पेन्सिलीची खरखर ऐकू यायची, मग ब्रशचा ओला आवाज, मग “हं, लावा शिकंजा.” की सांधा सुकेपर्यंत आवळून धरणारा तो लोखंडी चाप लावायला मिस्त्री वळत. लग्नानंतरच्या पहिल्याच स्टुलाला त्यांनी विचारलं होतं, काय लिहितेस? काकू म्हणाल्या, तारीख घालते. मिस्त्रींना पटलं. पुष्कळ सुतार घालतात. एकतीस वर्षं ते त्या भिंतीकडे बघत आले होते आणि तिच्यावरचा प्रत्येक खिळा त्यांना ओळखत होता. कधीकाळी एखादी खुर्ची ढिली होऊन परत आलीच, तर किटली घेऊन ती उघडायचं कामही काकूंचं. तेव्हाही तोंड भिंतीकडे.

मग काकू वाळत गेल्या. आधी बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, त्याचे त्यांनी विनोद केले. मग स्टुलावर बसवेना. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या खुर्च्या करणाऱ्या त्या घरात पाठ टेकायला एकही खुर्ची नव्हती. दोन स्टुलं होती, आणि एक वेताचा मुढा, तोही शेजारणीचा.

“माझ्यासाठी एक खुर्ची करा,” काकू म्हणाल्या. “हातांची. आणि मागच्या डाव्या पायाला जे कुसू जाईल ना, ते जरा रुंद ठेवा.”

“रुंद कशाला?”

“मजबुतीला.”

मिस्त्रींची कळी खुलली. मजबुतीबद्दल बायको आपणहून बोलली होती. त्यांनी कुसू चांगलं चार बोटं रुंद ठेवलं. दोन्ही बाजूंनी घासून असं गुळगुळीत केलं की त्यावरून हात फिरवायला ते दोनदा चहा सोडून उठले.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मिस्त्रींना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. मिस्त्रींनी ऐकलं, मान डोलावली, दवाखान्यातून बाहेर पडले आणि तडक हार्डवेअरच्या दुकानात जाऊन म्हणाले, “सगळ्यात घट्ट काय आहे?”

दुकानदार बघतच राहिला. काकूंच्या घरातला माणूस हा प्रश्न विचारत होता.

“कशासाठी, मिस्त्री?”

“धरून ठेवायला.”

दुकानदाराने वरच्या फळीवरून धूळ झटकून एक डबा काढला. आत एक बाटली आणि एक पावडर. दोन्ही एकत्र केलं की गडद तपकिरी, जवळजवळ काळपट गोंद होतो. होड्या बांधणारे वापरतात. समुद्रात राहतो, उकळला तरी सुटत नाही, लाकूड आधी फाटतं.

“होडी आहे का तुमच्याकडे?”

“नाही.”

त्या दुकानापासून होडी तरंगेल एवढं पाणी गाडीने चार तासांवर होतं. डब्यावर एका हसऱ्या माणसाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘जोडा आणि विसरा’. मिस्त्रींनी डबा घेतला.

काकूंनी डबा बघितला तेव्हा सरस पातळ होऊन तयार होता.

“खुर्चीला सरस,” त्या म्हणाल्या.

“ही सुटायला नको.”

“अहो, खुर्ची आहे. सुटली तर उघडू, परत लावू.”

“कोण उघडणार?” मिस्त्री म्हणाले आणि मग त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं. त्यांनी घाईघाईने पावडर मोजायला घेतली.

काकूंनी शेगडी बंद केली. एकतीस वर्षांत त्या भांड्यातला सरस न वापरता थिजायची ही पहिली वेळ.

उन्हाळ्याची दुपार होती, आणि उन्हाळ्यात त्या गोंदाला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. लावायचा, बसवायचा, शिकंजा आवळायचा. तेवढ्यात नाही झालं तर तो वाटीतच खडक होतो. बाकीचे सांधे झाले. शेवटचा राहिला, मागचा डावा.

“तोंड भिंतीकडे,” काकू म्हणाल्या.

मिस्त्री वळले. पेन्सिलीची खरखर सुरू झाली. थांबली. परत सुरू झाली. तारीख एवढी मोठी कशी, असा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण त्यांचं लक्ष हातातल्या वाटीकडे होतं. वाटीच्या कडेला गोंद धरायला लागला होता.

“अगं, आटप.”

“थांबा ना जरा.”

“गोंद थांबत नाही. घट्ट होतोय.”

“दोन ओळी राहिल्यात.”

“राहू दे त्या! सगळी खुर्ची वाया जाईल!”

खरखर थांबली. त्यांनी वळून बघितलं तेव्हा काकू पेन्सिल कानामागे ठेवत होत्या. पेन्सिल दोनदा पडली. मग त्यांनी काळपट गोंद कुसवावर सारखा फासला, लिहिलं होतं त्यावरूनच, एकही जागा कोरडी न सोडता. काम चोखच करायच्या त्या.

“काय लिहीत होतीस एवढं?” शिकंजा आवळताना मिस्त्रींनी विचारलं.

“तारीख,” काकू म्हणाल्या. आणि ब्रश पुसता पुसता, “आता काय, निघणार थोडीच आहे.”

त्या खुर्चीत काकू एकोणीस दिवस बसल्या. खुर्ची टिकली.

पुढचे दोन महिने मिस्त्रींनी फक्त कापलं. भोकं पाडली, कुसवं कोरली, कोरडेच सांधे बसवून बघितले आणि खोलून ठेवले. कोपऱ्यात एक कपाट, दोन टेबलं आणि एक झोपाळा असे पत्त्यांच्या घरासारखे उभे होते. गिऱ्हाईक विचारायला आलं की मिस्त्री म्हणत, “झालंच आहे, फक्त चिकटवायचं राहिलंय.”

अशात शाळेच्या बाई आपलं जुनं स्टूल घेऊन आल्या. पाय हलत होता. मिस्त्रींनी नाइलाजाने किटली ठेवली. काकू करायच्या तसं सांध्यावर थेंब थेंब गरम पाणी सोडलं, वाट बघितली, परत सोडलं. सरसाने ऐकलं. पाय हातात आला. कुसवावर, सरसाच्या पिवळसर थराखाली, पेन्सिलीची बारीक अक्षरं होती. तारीख नव्हती.

“आज मिस्त्री माझ्याशी बोलत नाहीत. का ते त्यांनाच आठवत नसावं. बाकी पुढच्या नगात.”

मिस्त्रींनी ते तीनदा वाचलं.

“काय झालं, कीड लागलीय का?” बाईंनी विचारलं.

“तुमच्यानंतर कुणाचं काम केलं होतं मी?”

“मला काय माहीत! मी शाळा बघते, तुमचं बघू का?”

मिस्त्रींनी कामाची वही काढली. बाईंच्या स्टुलानंतर फोटोवाल्याचं टेबल होतं. ते किटली घेऊन फोटोवाल्याकडे गेले.

“तुमच्या टेबलाचा सांधा ढिला झालाय.”

“नाही हो. चांगलं दणकट आहे.”

“तुम्हाला कळत नाही ते. पाणी कुठे गरम करू?”

फोटोवाल्याचं टेबल उघडलं. “आठवलं त्यांना. मी म्हटलं होतं, तुम्ही घोरता त्यापेक्षा रंधा बरा वाजतो. त्यात खोटं काय? आता तरी बोलायला हवं.” पुढचा नग टपालवाल्याची मांडणी. “बोलले. म्हणाले, मीठ दे. एवढंच.” त्याच्यापुढे शिंपिणीचा पाट. “मिठाची बरणी हातात दिली तेव्हा बोट धरलं. माणूस चांगला आहे, फक्त आवाज कमी आहे.”

पंधरवडाभर मिस्त्री गावभर किटली घेऊन हिंडत होते. धडधाकट फर्निचर सोडवत होते, वाचत होते आणि परत सरस लावून शिकंज्यात अडकवून ठेवत होते. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीनिशी खुर्चीवरून उठवलं. लोकांनी चालवून घेतलं. मिस्त्रींच्या डोक्यावर थोडा परिणाम झालाय, असं एकमेकांना सांगत त्यांनी चहा दिला. कारण मिस्त्री टेबलाच्या पायाशी बसून कधी फिसकन हसायचे आणि कधी तसेच बसून राहायचे. दुसऱ्या वेळी त्यांच्या हातात चहा देणं बरं पडायचं.

वहीतला शेवटून दुसरा नग औषधाच्या दुकानातलं उंच स्टूल होतं. त्यावरची अक्षरं जरा वाकडी होती.

“एक गोष्ट आहे. एकतीस वर्षं तोंडावर येते आणि परत जाते. यांना सांगितली नाही असं व्हायला नको. आता माझी खुर्ची होणार आहे, तिच्यात सविस्तर लिहीन. कुसू रुंद ठेवायला सांगते. कधीतरी ढिली होईल, तेव्हा उघडतील आणि वाचतील.”

औषधवाला म्हणतो, मिस्त्रींनी त्या दिवशी स्टूल परत चिकटवलंच नाही. पाय हातात घेऊन तसेच निघाले. पाय अजून त्यांच्याकडेच आहे.

त्यांनी लेकीला बोलावून घेतलं. लेक रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. ती सहा बाटल्या घेऊन आली. एकीने खुर्चीचं पॉलिश गेलं, एकीने मिस्त्रींच्या अंगठ्याचं कातडं गेलं, सांधा होता तिथेच राहिला. लेकीने डब्यावरचा बारीक मजकूर वाचला, मग बापाकडे बघितलं.

“बाबा, हा होडीचा गोंद आहे.”

“माहितीये.”

“खुर्चीला?”

“माहितीये म्हटलं ना!”

मग मिस्त्री खुर्ची खांद्यावर घेऊन एक्स-रेच्या केंद्रात गेले. तिथला एक्स-रेवाला जुनं गिऱ्हाईक, त्याचं कपाट मिस्त्रींनीच केलेलं. दाराशी रांगेत हात मोडलेले दोघं आणि एक खुर्ची असा क्रम लागला.

“पेशंट कोण?”

“ही.”

एक्स-रेवाल्याने आढेवेढे घेतले, मग कपाटाची आठवण ठेवून फोटो काढला. पडद्यावर सांधा दिसला. कुसू भोकात असं बसलेलं की मधे केसाएवढीही फट नाही. अक्षर एकही नाही. पेन्सिल आणि लाकूड यांच्यात त्या यंत्राला काही फरक कळत नव्हता.

“सांधा एकदम उत्तम आहे, मिस्त्री,” तो सवयीने धीर देत म्हणाला. “कुठेही फ्रॅक्चर नाही.”

मिस्त्री खुर्चीला धरून रडायला लागले. बातमी ऐकून रडणारे लोक त्या केंद्राने पुष्कळ पाहिले होते, पण रिपोर्ट चांगला आला म्हणून कुणी रडल्याची ही पहिलीच वेळ होती.

शेवटचा उपाय म्हणजे चाचणी. मिस्त्रींनी डब्यात उरलेल्या गोंदाने तसेच तीन सांधे बनवले. प्रत्येक कुसवावर आधी पेन्सिलीने काहीतरी लिहायला हवं होतं. आयुष्यात त्यांनी लाकडावर मापांशिवाय काही लिहिलं नव्हतं. पहिल्यावर त्यांनी लिहिलं, ‘चाचणी एक’. दुसऱ्यावर, ‘चाचणी दोन, उकळणे सहा तास’. तिसरं कुसू हातात घेऊन ते बराच वेळ बसले. वाटीतला गोंद कड धरायला लागला. तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘अगं, मी घाई करायला नको होती.’

पहिला सांधा करवतीने कापला. करवतीच्या पात्याची जाडी नेमकी अक्षरांतून गेली आणि ‘चाचणी’चा भुसा झाला. दुसरा सहा तास उकळला. पाणी लालसर झालं, लाकूड ओल्या बिस्किटासारखं मऊ पडलं, सांधा तसाच. पटाशी घालून उचकटला तेव्हा लाकूडच फाटून आलं. मधे एक काळा थर, त्यात मुरलेले लाकडाचे तंतू. अक्षराचा मागमूस नाही. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही. तो फळीवर ठेवून दिला. त्यात काय आहे ते आता जगात फक्त त्यांना माहीत होतं, आणि ज्यांना वाचायला हवं होतं त्यांच्याकडे किटली नव्हती.

“बाबा, कापून बघायचीच का ही?” लेकीने खुर्चीकडे बघत विचारलं. “एखादा शब्द तरी राहील.”

मिस्त्रींनी करवत घेतली. मागच्या डाव्या पायावर पेन्सिलीने रेघ मारली. पातं रेघेवर ठेवलं. मग उचललं आणि रेघ बोटभर वर मारली. मग बोटभर खाली. अर्ध्या तासाने पायावर अकरा रेघा होत्या आणि करवत परत खिळ्यावर.

“कुठून कापू? ती कुठून कुठपर्यंत लिहायची ते मी कधी बघितलंच नाही.”

लेक त्यांच्याशेजारी भुशात बसली. म्हणाली, “त्या दिवशी आईचा फोन आला होता.”

“कुठल्या दिवशी?”

“खुर्ची चिकटवली त्या दिवशी. हसत होती. म्हणाली, आज तुझ्या बाबांनी मला वाक्याच्या मधेच दाबून टाकलं.”

“आणखी काय म्हणाली?”

“म्हणाली, खुर्ची मात्र झकास झालीय.”

मिस्त्री उठले आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले. बसले, मग मागे रेलले. मग जोर लावून झुलले. एकतीस वर्षं ज्या सवयींवरून गिऱ्हाइकांना बोलणी बसली, त्या सगळ्या करून पाहिल्या. दोन पायांवर उभी केली, आदळली. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही.

तेव्हापासून ते रोज दुपारी तासभर तिच्यात झुलतात. लेकीने हिशेब करून सांगितलं की या गतीने सांधा ढिला व्हायला साधारण दोनशे वर्षं लागतील. मिस्त्री म्हणाले, बघू.

मधल्या काळात त्यांनी एक काम केलं. डब्याच्या तळाशी कंपनीचा पत्ता होता. रंधा मारलेली एक पातळ फळी घेतली, तिच्यावर सुतारी पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि टपालवाल्याच्या हाती दिला. टपालवाल्याने फळीवर तिकीट चिकटवलं. अर्ज असा:

‘प्रति, ग्राहक तक्रार विभाग.

विषय: गोंदाच्या दर्जाबाबत तक्रार.

महोदय, आपला गोंद डब्यावर लिहिल्याप्रमाणे तंतोतंत काम करतो, ही माझी तक्रार आहे. ‘जोडा आणि विसरा’ यापैकी पहिला भाग सूचनेनुसार पूर्ण झाला. दुसऱ्या भागाबाबत डब्यात कोणतेही साहित्य आढळले नाही.

सदर गोंद मी स्वतः निवडला. घरातील जाणकार व्यक्तीने सरस सुचवला होता, त्याची नोंद घ्यावी. त्या व्यक्तीचा यात काही दोष नाही.

तरी विनंती की, एका खुर्चीच्या मागील डाव्या पायाच्या सांध्यापुरती आपली हमी एका तासाकरिता मागे घ्यावी. वाचून होताच सांधा पूर्ववत बसवला जाईल. शिकंजा माझा.

हे नियमात बसत नसल्यास, त्या दुपारी गोंद लावण्यासाठी मिळालेली दहा मिनिटांची मुदत वाढवून पंधरा मिनिटे करण्यात यावी, व सदर मुदतवाढ मागील तारखेपासून लागू करावी. दोन ओळी राहिल्या आहेत.’